स्वस्थ बसू न देणारी वीज

लग्नकार्यात कुणी 'तुम्ही काय करता?' विचारलं, तर मी 'मेडिकल लाइन' एवढं बोलून ताटाकडे वळते. खरं सांगितलं तर समोरच्याचा घास तोंडातच राहतो. मी माणसांची डोकी भादरते. गुळगुळीत भादरून, स्पिरिटने पुसून, त्यांवर चकत्यांच्या पट्ट्या चिकटवते आणि त्यांच्या वायरी एका यंत्राला जोडून देते. ते यंत्र खांद्याला अडकवायचं आणि जेवताना, झोपताना, घरच्यांशी भांडताना डोक्यात विजेचं क्षेत्र चालू ठेवायचं. मेंदूच्या एका फार वाईट कॅन्सरवरचा हा उपचार आहे. माझा भाऊ म्हणतो, "सुजाता, डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा आणि धंदा हजामतीचा." मी त्याला 'तुझी पण करून देते, बस' म्हटलं की तो विषय बदलतो.

सुरुवात रबाळ्याच्या एका कारखान्यात झाली. प्लॅस्टिकच्या पिशव्या चिकटवणाऱ्या यंत्रांची देखभाल माझ्याकडे होती. तेही असंच, दोन पत्र्यांमध्ये प्लॅस्टिक धरायचं, त्यांच्यातल्या विजेची दिशा भराभर उलटवायची, प्लॅस्टिक आतून तापून एकजीव. पुढे बरीच वर्षं दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त केली आणि केस पांढरे व्हायला लागल्यावर या नव्या यंत्राच्या कामाला लागले. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "पेशंटच्या घरी जाऊन शांतपणे समजावता येईल का?" मी म्हटलं, "समजावता येईल. शांतपणे, ते बघू." तरीही घेतलं, म्हणजे दुसरं कुणी आलं नसणार.

आता यंत्राचं. कॅन्सरची पेशी वाढते म्हणजे एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार. दोन होण्याआधी आतला ऐवज सारखा वाटावा लागतो, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. ही वाटणी करणारे बारीक धागे पेशीच्या आत उभे राहतात आणि ते ज्या कणांचे बनतात त्यांच्यावर विजेचा भार असतो. बाहेरून विजेचं क्षेत्र लावून त्याची दिशा सारखी उलटसुलट केली, की या कणांना रांगेत उभं राहता येत नाही. पेशंटच्या घरी मी हे असं सांगते: दोन बायका गच्चीत लुगड्याची घडी घालतायत, एक या टोकाला, एक त्या टोकाला. मधे कुणी सारखं काठ ओढत राहिलं तर घडी पडेल का? घडी विसकटते, बायका वैतागून लुगडं टाकून देतात. पेशीही वाटणीच्या अर्ध्यात अडकते आणि पुष्कळदा मरते. मेंदूतल्या चांगल्या पेशी सहसा दोन होतच नाहीत. जिथे घडी घालणंच चाललेलं नाही, तिथे काठ ओढणारा काय बिघडवणार? म्हणून हा मार बराचसा वाईट पेशींनाच बसतो.

झटका बसत नाही. दिशा सेकंदाला लाखो वेळा बदलते, नसांना त्याचा पत्ताच लागत नाही. डोकं थोडं गरम होतं, बस. पण यंत्र चालू आहे तोवरच काम. बंद केलं की आत पुन्हा घड्या सुरू, त्यामुळे दिवसाचे बहुतेक तास ते डोक्यावर पाहिजे. आणि याने आजार मुळापासून जात नाही. ऑपरेशन, किरणं, गोळ्या यांच्या जोडीने हे त्याला अडवून धरतं. कुणाला बरेच महिने मिळतात, कुणाला काहीच मिळत नाही, आणि कोण कुठल्यात जाणार ते मला आधी कळत नाही. हे सगळं मी चपला काढायच्या आधी दारातच सांगते. एकदा चहा समोर आला की सांगवत नाही.

या कामाने माझी झोप उडवली ती वेगळीच. यंत्राला काही खटकलं की ते टूं टूं करतं. पट्टी सुटली, बॅटरी उतरली, डोकं तापलं, सगळ्याला तोच आवाज. मग फोन. मला ताटावर फोन येतात, बँकेच्या रांगेत येतात. आता तर घरातला मायक्रोवेव्ह वाजला तरी मी पर्स उचलते.

ऐरोलीला एक काका होते, वीज खात्यातून निवृत्त झालेले. डोक्यावर पट्ट्या लावून झाल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "मॅडम, याला अर्थिंग कुठाय?" मी म्हटलं, बॅटरीवर चालतं, अर्थिंग लागत नाही. त्यांना पटेना. पुढच्या भेटीला जाते तर पलंगापासून खिडकीच्या ग्रिलपर्यंत हिरवी वायर. मी ती काढली. त्याच्या पुढच्या भेटीला पुन्हा वायर, या वेळी कपाटामागून. काकू म्हणाल्या, "राहू दे गं, त्यांना झोप लागते त्याने." मग मीही राहू दिली. काका मान हलवत म्हणायचे, "आयुष्यभर लोकांना सांगितलं विजेपासून लांब राहा. आता बघा, डोक्यावर घेऊन बसलोय."

दुसरे वाशीच्या एपीएमसीतले एक कांद्याचे व्यापारी, जुन्नरकडचे. सगळे त्यांना शेठ म्हणायचे. घरी बसणं त्यांना जमणारं नव्हतं, सकाळी गाळ्यावर हजर. तिथे पत्र्याखाली उकाडा, डोक्याला घाम, आणि यंत्र दर थोड्या वेळाने बोंबलतंय. गिऱ्हाइकांना ते 'नवीन हेडफोन आहे' सांगायचे. एक दिवस मला फोन, "ओ मॅडम, आपला प्रॉब्लेम सॉल्व्ह. मशीन एकदम गप." बघायला गेले तर शेठ फळबाजारातल्या मित्राच्या शीतगृहात, सफरचंदांच्या पेट्यांमध्ये खुर्ची टाकून, स्वेटर घालून फोनवर कांद्याचे सौदे करतायत. मी ओरडले, इथे न्यूमोनिया होईल. ते म्हणाले, "सफरचंदाला एसी आन् मला पंखा? मी काय सफरचंदापेक्षा सस्ता हाय का?" शेवटी गाळ्याच्या माळ्यावर एसी बसवायला लावला तेव्हा ते तिथून हलले. शेठ गेले ते कळलं त्या दिवशी मी बाजाराच्या फाटकापर्यंत जाऊन आत न जाता परत आले.

पण ज्या पेशंटमुळे मी आजही मधेच भाजी चिरता चिरता थांबते ती आवडीबाय.

रबाळ्याच्या गावठाणात तिचं घर. खाली भाडेकरू, वर घरचे. तिची सून प्रणाली ऐरोलीच्या एका आयटी पार्कात बॅक ऑफिसला होती, पहिला फोन तिचाच. "मॅडम, सासूबाई धवलारीण आहेत, केस कापायला तयार नाहीत. तुम्ही एकदा बोला ना."

धवलारीण म्हणजे काय ते मला माहीत होतं, रबाळ्यात नोकरी केलेली. आगरी लोकांच्या लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीला धवला गाणारी बाई लागते. कधी काय करायचं, कुणी कुणाला काय लावायचं, कुणाला आधी बोलवायचं, सगळं तिच्या गाण्यात. लिहिलेलं काही नाही, तोंडात असेल तेवढंच. आसपासच्या चार गावांत आवडीबायशिवाय हळद लागत नव्हती.

आणि आता मेंदूच्या डाव्या बाजूला गाठ. ऑपरेशन झालेलं, किरणं झालेली, तरी डॉक्टरांना भरवसा वाटत नव्हता. यंत्राचा खर्च सामान्य घराला झेपणारा नाही, तिला ते उपचाराच्या एका चाचणीतून मिळालं होतं. ऑपरेशनच्या जागेवर केस पुन्हा आले होते आणि बाकीची वेणी तर शाबूत होती. आवडीबाय पलंगावर मांडी घालून बसली होती. साठीची, सावळी, कपाळाला ठसठशीत कुंकू.

"माजा घोव जिता हाय न मी केस उतरवू?" ती मला म्हणाली. "गावात कंचा तोंड दाखवू?"

घोव म्हणजे नवरा, जोमाकाका. जुने मिठागरावरचे कामगार. दाराच्या चौकटीला टेकून उभे होते.

"केस येतान परत," ते म्हणाले. "तू येशील काय?"

आवडीबायने नवऱ्याकडे जरा वेळ बघितलं आणि मग माझ्याकडे वळली.

"तुजा लगीन झायलाय?"

"झालं होतं."

"घोव हाय?"

"आहे. कुठे आहे ते माहीत नाही."

"म्हंजी जिता हाय ना?"

"असावा. मेल्याचं तरी कुणी कळवलं नाही."

ती हसली. पुढचा एक दात नव्हता. "मंग चालंल. तूच काप. न्हावी नको मना."

अशी मी सवाष्ण ठरले. उभ्या जन्मात माझ्या नवऱ्याचा एवढा उपयोग कुणाला झाला नसेल.

प्रणालीला मी सगळं शिकवलं. पट्ट्या तीन-चार दिवसांनी बदलायच्या, कारण केसांचे खुंट उगवले की चकत्या कातडीपासून सुटतात. पण सून आपल्या हाताने सासूचं डोकं भादरणार नव्हती, ते मला तिने कोपऱ्यात नेऊन सांगितलं. "मॅडम, हात धजत नाही." तेव्हा ते काम माझ्याकडेच राहिलं. आणि मग वार सुरू झाले. मंगळवार नको, देवीआईचा वार. अमावास्या नको. गौरी घरात असताना तर नावच नको. आम्ही बौद्ध, असल्या वारांना माझ्या वडिलांनी उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिलं नव्हतं. मी एकदा चिडून म्हटलं, "आवडीबाय, कॅन्सर मंगळवारी सुट्टी घेत नाही."

"मंग तू सोमवारी ये."

तिचं बरोबर होतं. ती नाही म्हणतच नव्हती, फक्त वार बदलत होती, मी उगाच तोंड वाजवत होते. त्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे उभं राहून आम्ही दोघी तारखा ठरवायचो, आणि सांगते, माझ्या सगळ्या पेशंटमध्ये यंत्र सगळ्यात जास्त वेळ डोक्यावर ठेवणारी तीच होती.

त्यामागे कारण होतं. तिच्या भावाची मुलगी दर्शना. तिची आई ती रांगत होती तेव्हाच वारली, आत्यानेच वाढवलेली. दर्शनाचा साखरपुडा आजाराच्या आधीच झालेला. लग्न ठरलं होतं तुळशीच्या लग्नानंतर, आणि हे सगळं चाललं होतं आषाढात. डॉक्टरांनी प्रणालीला बाजूला घेऊन सांगितलं होतं की तोवर आवडीबाय गाण्याच्या अवस्थेत राहील असं कुणी समजू नये.

मी आपली शहाणी. घरच्यांना म्हटलं, "लग्न अलीकडे आणा ना. रजिस्टर करा, हळद घरात उरका."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दर्शनाचे वडील बाळारामभाऊ हळू आवाजात म्हणाले, "म्यॅडम, चातुर्मासात? देव झोपलेले अस्तान."

पलंगावरून आवाज आला, "देव झोपलाय तं झोपू दे. मी जागी ऱ्हातंय."

त्या दिवशी मला कळलं की माझं काम काय आहे. या बाईला तुळशीच्या लग्नापलीकडे न्यायचं. बाकी डॉक्टरांना काय मोजायचं ते मोजू दे.

पावसाळा गेला तो दमटपणाशी भांडण्यात. घामाने पट्ट्या सुटायच्या, मी भर दुपारी रिक्षाने धावायचे. हळूहळू तिचे शब्द जायला लागले. भाकरीला ती 'ती गोल' म्हणायची, मला 'ती कापनारी'. पाणी मागताना हाताने ग्लास दाखवायची आणि स्वतःवरच चिडायची. उजवा हात जड झाला. पण धवला म्हणायला लागली की शब्द आपोआप रांगेने यायचे, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, बोलणं आणि गाणं मेंदूत वेगळ्या वाटांनी चालतं, एक वाट बुजली तरी दुसरी काही काळ टिकते. त्यातल्या 'काही काळ'ने मला रात्रंदिवस कुरतडलं. मी पट्ट्या लावताना ती गुणगुणायची आणि मी कान लावून ऐकायचे, कुठे अडखळतेय का. संध्याकाळी ऑफिसातून घरी आलेली दर्शना तिच्या पायाशी बसून असायची, तिचा पाय चेपत.

दसऱ्याच्या सुमारास स्कॅन झाला. गाठ होती तिथेच, तेवढीच. मी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये एकटीने दोन वडे खाल्ले आणि प्रणालीला पेढे घेऊन दिले.

मग मुलाकडचे आले. मुलाची मोठी काकी पनवेलकडची, बोलायला गोड. "आवडीबायचा काय वाद नाय," ती म्हणाली, "पन शुभकार्यात बोडका डोका न त्या वायरी... आमच्या गावची धवलारीन आनतो आमी. हिला आराम करू द्या." बाळारामभाऊ खाली बघत राहिले. मुलीचा बाप तो. मी तिथेच होते, माझी जीभ शिवशिवत होती, पण माझं काय नातं? तेवढ्यात आतून दर्शना आली. साधी, चष्मा लावणारी, कधी मोठ्याने न बोलणारी.

"आत्या नाय तं हळद नाय," ती म्हणाली, आणि पाहुण्यांसमोर चहा ठेवून परत आत गेली.

हळदीला मी पाहुणी म्हणून गेले, पण पर्समध्ये पट्ट्यांचा एक संच आणि ट्रिमर होताच. अंगणात मांडव, डीजेच्या भिंती उभ्या, पोरं नाचून घामाघूम. प्रणालीने यंत्राच्या पिशवीला जरीचं कापड शिवलं होतं आणि त्याच कापडाचा रुमाल आवडीबायच्या डोक्याला. नऊवारी, नथ, हातभर बांगड्या. ती पाटाजवळ बसली तेव्हा कुणीतरी डीजे बंद केला. एवढा गोंगाट एकदम थांबल्यावर माझ्याच कानात दडे बसल्यासारखं झालं. मी तिच्या मागे बसले, वायर कुणाच्या पायात येऊ नये म्हणून हातात धरून.

हळद फक्त नवरीला लागत नाही. बायका एकमेकींना लावतात, मोठ्या मानाच्या बाईला तर आधी. तिच्या कुणा चुलत बहिणीने प्रेमाने दोन्ही मुठी भरून हळद घेतली आणि "माजी आवडी!" म्हणत तिच्या कपाळावरून थेट रुमालाखाली माखली. तेलात कालवलेली हळद. मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत ती कानामागे उतरली होती. पट्टीची कड सुटली आणि यंत्र टूं टूं करायला लागलं. बायका दचकल्या, नवऱ्या मुलाची उष्टी हळद घेऊन आलेली पनवेलची काकी तोंडाला पदर लावून शेजारणीच्या कानाला लागली.

"चला, आत चला," मी आवडीबायच्या कानाशी म्हटलं, "पट्टी बदलते. अर्धा तास लागेल."

तिने डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. "आता नाय."

"बंद पडेल ते."

"परू दे."

इतके महिने ज्या यंत्राची झोपेतसुद्धा काळजी घेतली, ते मी माझ्या हाताने बंद केलं. आणि तिने धवला उचलला.

आवाज खरखरीत झाला होता, पण जागा सगळ्या होत्या. त्या धवल्यात एकेका नात्याला हाक मारून नवरीला हळद लावायला बोलावतात. हाक आली की ती बाई उठते, हळद लावते, बसते. आजीला हाक झाली. मावशीला झाली, काकीला झाली. मग आईची पाळी आली आणि आवडीबाय थांबली.

तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला वाटलं, गेला शब्द. वाट बुजली, आणि तीही नेमकी यंत्र बंद असताना. किंवा मग शब्द गेलाच नसेल, हाक मारायला समोर कुणी नाही हेच तिला दिसलं असेल. ते मला तेव्हा कळलं नाही, आजही माहीत नाही, आणि मी तिला विचारलंही नाही. बाळारामभाऊ खांबाला धरून उभे होते.

तेवढ्यात पाटावरून आवाज आला. पिवळ्याधमक तोंडाची नवरी, मान खाली, मुठी आवळलेल्या, गात होती. ओळ आईचीच, चाल तीच. फक्त आई म्हणायच्या जागी ती 'आवडी' म्हणाली. आवडीला हाक मारली. एकदा, आणि कुणी हललं नाही तेव्हा दुसऱ्यांदा.

"नवरी आपला धवला आपन म्हनते काय कुटं?" पनवेलची काकी पुटपुटली. तिच्याच शेजारची एक म्हातारी तिच्यावर खेकसली, "गप ऱ्हा गो."

आवडीबायला उठता येत नव्हतं. मी एका बगलेत हात घातला, प्रणालीने दुसऱ्या. तिने डाव्या हाताने हळद घेतली आणि दर्शनाच्या दोन्ही गालांना लावली, मग कपाळाला, मग गळ्याला, थांबेचना. खाली बसली आणि पुढची ओळ तिनेच उचलली. तिथून शेवटपर्यंत गाणं दोघींचं झालं. दर्शना अर्धा शब्द पुढे आणि आत्या तिच्या मागोमाग. लांबच्यांना वाटलं असेल, आवडीबायच गातेय. मी रडत होते आणि ते लपवायची मला काही गरज वाटली नाही.

लग्न झालं, दर्शना सासरी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी नवा संच घेऊन गेले. हळदीनंतर लग्न उरकेपर्यंत तिने पट्टीला हात लावू दिला नव्हता, मधे बरेच तास वाया गेले होते, मला घाई होती. जिना चढतानाच मी पर्सची चेन उघडली.

आवडीबाय खिडकीशी बसली होती. हळद अजून कानामागे होती. मी ट्रिमर काढला तसं तिने मान हलवली.

"नको."

"आज मंगळवार नाही," मी म्हटलं.

"नको आता." तिने शब्द शोधला, सापडला. "झायला."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा राग आला, खरा राग. मी म्हटलं, "असं कसं झालं? स्कॅन चांगला आहे. यंत्र तुम्हाला मानवलंय. अजून महिने मिळतील, आवडीबाय, अजून वेळ मिळेल."

"कनाला?"

कशाला! माझ्याकडे उत्तरं तयार होती. जोमाकाकांसाठी, प्रणालीच्या मुलासाठी, शिमग्यासाठी, दर्शनाच्या बाळंतपणासाठी. मी एकेक बोलून दाखवलं. ती ऐकत होती, लहान मुलाचं ऐकावं तसं. माझं संपल्यावर ती म्हणाली, सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत, "मना मिलला तेवरा पुरला."

मी बाहेर येऊन डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी विचारलं, ती शुद्धीत आहे ना, तिला समजतंय ना? मी म्हटलं, माझ्यापेक्षा जास्त. ते म्हणाले, मग तिचं ऐका. जोमाकाका जिन्यात बसले होते. मला वाटलं, हा माणूस तरी सांगेल तिला. ते म्हणाले, "तिनं आयुष्यात कंचा काम अर्धा सोरला नाय. ती पुरा झायला म्हनते, तं झायला."

त्यानंतर ती किती जगली ते मी लिहिणार नाही. लिहिलं की वाचणारे लगेच वजाबाकी करतील, यंत्र ठेवलं असतं तर किती. ती वजाबाकी मी रोज करते, तेवढी पुरे. माझ्या धंद्याने मला वेळ मिळवून द्यायला शिकवलं, तो कशासाठी हे पेशंटला विचारायला कुणी शिकवलं नाही. आता मी पहिल्या भेटीत दारातच तेही विचारते. काही लोक चिडतात. काही जण मला आत बोलावून बराच वेळ बोलतात.

त्या दुपारचं मात्र एवढंच राहिलं. मी परत आत गेले, तिच्यासमोर बसले आणि पट्ट्या सोडवायला घेतल्या. एक, दोन, तीन, चार. खाली कातडी लाल झालेली, चकत्यांचे गोल गोल वळ. या उपचारात खाज भयंकर सुटते, आणि खाजवायची बंदी, कारण नख लागलं की जखम. तिने इतक्या महिन्यांत त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. शेवटची पट्टी निघाल्याबरोबर तिने डावा हात वर नेला आणि बोटं पसरून कराकरा डोकं खाजवलं. डोळे मिटले. तोंड उघडं पडलं. "आया गं," ती म्हणाली, "आया गं."

मी यंत्र पिशवीत भरलं, वायरी गुंडाळल्या, उठले.

"पोरी," तिने हाक मारली. "हिकरं. मांगं." तिने मान वळवून उजवी बाजू पुढे केली. "माजा हात नाय पोचत."

मी पिशवी खाली ठेवली आणि तिचं डोकं खाजवत बसले.